घुमटाखालचा पहिला चहा

भुईगाव, निघण्याआधी

आमच्या भुईगावातून रोमला जाणारे बहुतेक जण ख्रिस्ती, ते पुण्य मिळवायला जातात. आम्ही गेलो ते घुमट बघायला, आणि तेही आमचा स्वतःचा घुमट मागे टेकूंवर उभा असताना.

आमचे हे, म्हणजे अनंतराव, बांधकामाचे कंत्राटदार. इथपासून पार आचोळ्यापर्यंत यांनी भरलेले स्लॅब आहेत, आणि सगळे सपाट. पण यांच्या डोक्यात पहिल्यापासून घुमट. लग्नानंतर लोक महाबळेश्वरला गेले, आम्ही विजापूरला. गोलघुमटाच्या सज्जात मला एका बाजूला उभं करून हे समोरच्या बाजूला गेले आणि भिंतीला तोंड लावून कुजबुजले. नवी नवरी मी, कान टवकारून उभी. ऐकू आलं ते असं, "भिंत किती जाड असेल गं?"

तर इतक्या वर्षांनी गावदेवीच्या देवळाचा सभामंडप मोठा करायचा ठरला, आणि पंच मंडळींनी यांना विचारलं. खाली एकही खांब नको, अख्खं गाव एका वेळी पंगतीला बसलं पाहिजे. यांनी तिथल्या तिथे घुमट म्हणून टाकलं. आमची मुलगी मृणाल मुंबईत इमारतींची गणितं करते. तिने ड्रॉइंग केलं, तिच्या साहेबांकडून तपासून घेतलं, आणि होळीच्या आधी काँक्रीट भरून झालं. आता दिवस भरेपर्यंत खालचे टेकू हलवायचे नव्हते. वर ओली गोणपाटं घालायची आणि विरजण लावल्यासारखं स्वस्थ सोडून द्यायचं. शेजारच्या सेसिलच्या पॅरिशची, म्हणजे तिच्या चर्चच्या मंडळींची, रोमची सहल नेमकी तेव्हाच होती. दोन जागा शिल्लक होत्या. सेसिल कुंपणावरून म्हणाली, "वैनी, चला की. देव काय विचारनार आहे, कुठल्या वाडीतून आलात म्हणून?"

एवढं सगळं छान होतं. माझी काळजी वेगळीच होती.

यांच्या उस्तादाने यांना एक रीत लावून दिली आहे. सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचा साचा, खोललं, टेकू निघाले, की ज्याने स्लॅब भरला त्याने आधी त्याच्याखाली उभं राहून चहा प्यायचा. पूर्ण कप. मग घरमालकाने आत यायचं. हा चहा आजवर मीच करून थर्मासमधून दिला आहे. सुरुवातीला "झालं" असा निरोप येईपर्यंत माझ्या हातून एक काम धड होत नसे. पुढे सवय झाली. पण घुमट यांनी आयुष्यात कधी केलेला नव्हता, आणि हे त्याच्याखाली कप घेऊन उभे राहणार होते. मी ठरवलं, या प्रवासात यांच्याकडून वचन घ्यायचं की या वेळी तो चहा बाहेर उभं राहून प्यायचा.

रोम

सहलीत आम्ही दोघंच हिंदू, आणि सगळ्यांनी आम्हाला जावई आल्यासारखं सांभाळलं. सेसिलचा उपवासकाळ चालू होता, ती मांसाला शिवत नव्हती आणि मी तर खातच नाही, त्यामुळे माझं तिच्याशी चांगलं जमलं. तिच्या डब्यात फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे, माझ्या पिशवीत केळीच्या पानात बांधलेली सुकेळी, आमच्याकडची सुकवलेली केळी. हॉटेलच्या न्याहारीला आम्ही दोन्ही बाहेर काढायचो. न्याहारी वाढणाऱ्या मुलाला एक सुकेळं दिलं, तर त्याने ते वास घेऊन, उलटसुलट करून, शेवटी खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी हात पुढे करून उभा राहिला.

इथे माणसं कॉफी उभ्याने पितात. बोटभर कप, दोन घोट, की चालू लागली. आपल्याकडे पाहुण्याला उभ्याने चहा दिला तर तो घरी जाऊन सांगेल. मी हे म्हटलं, तर हे म्हणाले, "मी उभ्यानेच पितो."

"माहिती आहे मला," मी म्हटलं. विषय मी काढणारच होते, तो यांनीच काढून दिला. "या वेळी नाही प्यायचा. बाहेर प्या."

हे हसले आणि कॉफीचे पैसे द्यायला गेले.

सेंट पीटरच्या बॅसिलिकेत आमच्याबरोबरची मंडळी गुडघे टेकून प्रार्थनेला बसली आणि हे मान वर करून गोल गोल फिरू लागले. मी भूगोल शिकवण्यात नोकरी काढली, जगातली मोठमोठी नावं फळ्यावर लिहिली, पण कुठली वास्तू एवढी मोठी असेल हे आत उभी राहीपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. घुमटाच्या खाली जी अक्षरं रंगवल्यासारखी दिसतात ती माणसाहून उंच आहेत म्हणे. वर जायचा जिनासुद्धा घुमटाच्या कलाने वाकडा होत जातो, एका खांद्याने भिंतीला टेकून चढावं लागतं. सेसिल माझ्यामागून "येशू, मारिया" म्हणत चढत होती.

वर गेल्यावर यांनी मला आनंदाने सांगितलं की या घुमटाला पुढे तडे गेले होते, आणि तो फाकू नये म्हणून त्याच्या कमरेला लोखंडी साखळ्या आवळल्या आहेत. तिकडे इस्तंबूलचा एक तर बांधल्यावर काही वर्षांत भूकंपाने कोसळला, पुन्हा बांधावा लागला.

"हे तुम्ही मला धीर द्यायला सांगताय?"

"अगं, म्हणजे तडे जाऊनही उभा आहे की नाही?"

"तुमचा टेकूंवर उभा आहे," मी म्हटलं. "वचन द्या."

यांनी दिलं नाही. खाली चौकात माणसं मुंग्यांएवढी दिसत होती आणि वारा एवढा होता की बोलणं तिथेच राहिलं.

फ्लॉरेन्स

फ्लॉरेन्सच्या घुमटाला आठ कडा आहेत. विटांचा, लाल कौलांचा, आणि गावात कुठेही गेलं तरी गल्लीच्या तोंडाशी तो दिसतोच. त्याचं यांना वेड अशासाठी की तो जमिनीपासून टेकू न लावता उभा केला. एवढं लाकूड आणायचं कुठून म्हणून सगळे अडून बसले असताना एका सोनाराने हे काम अंगावर घेतलं. विटा अशा गुंफत नेल्या की काम चालू असतानाच प्रत्येक फेरी स्वतःला धरून राहिली. हे मला सांगताना यांचे हात हवेत विटा लावत होते.

घुमट दुहेरी आहे, एकात एक. दोन्ही कवचांच्या मधून जिना जातो. एकच माणूस मावेल एवढी वाट, मागून रांग, परत फिरायची सोय नाही. आम्ही अर्ध्या वाटेवर होतो आणि यांचा फोन वाजला. मृणाल.

दगडाविटांच्या पोटात आवाज तुटत होता. मला पुढून एवढंच ऐकू येत होतं, "काय? कोण? रविवारी? अगं, दिवस कुठे भरलेत?" मग फोन तुटला. मागचा एक उंच गोरा माणूस नम्रपणे काहीतरी म्हणाला, म्हणजे पुढे चला. यांना उतरायचं होतं, पण उतरायला वाट नव्हती. ज्या घुमटासाठी माणूस वर्षानुवर्षं तळमळला, त्याचा उरलेला जिना हे एकदाही इकडेतिकडे न बघता चढले.

माथ्यावर उघड्यावर आल्यावर फोन लागला. यांनी तो दोघांच्या मध्ये धरला.

मृणाल म्हणाली, "बाबा, नाना ऐकत नाहीत. देवीचा उत्सव नव्या मंडपातच करायचा म्हणतात. रविवारी सकाळी सेंटरिंग खोलणार आणि संध्याकाळी पंगत."

नाना म्हणजे आमच्या पंचांमधले ज्येष्ठ. केळी, नारळ, फणस यांत त्यांचा हात धरणारा गावात कोणी नाही.

"त्यांना सांग, आत अजून कच्चं आहे."

"सांगितलं. ते शिडीवरून वर चढले आणि बोटांनी टकटक करून आले. म्हणतात, आवाज पक्का आहे, तयार झालाय."

फणस पिकला का ते बघतात तसं नानांनी आमच्या घुमटाला वाजवून बघितलं होतं. दुसऱ्या कुठल्या वेळी मी पोट धरून हसले असते.

"आणि बाबा, खोललंच तर चहा मी घेणार. तुम्ही नाही इथे, आणि ड्रॉइंग माझं आहे."

"खबरदार!" हे एवढ्या मोठ्याने ओरडले की आजूबाजूचे सगळे फोटो काढायचे थांबले. "तू त्याच्याखाली पाऊल टाकायचं नाहीस. ऐकतेस का?"

"का? तुम्ही नेहमी उभे राहता."

"माझी गोष्ट वेगळी आहे."

ती म्हणाली, "बाबा, संध्याकाळी तिथे अख्खा गाव पानावर बसणार आहे. लहान मुलांसकट. त्यांना खबरदार कोण म्हणणार?"

खाली लाल कौलांचं गाव पसरलेलं होतं आणि लोक आमच्या आजूबाजूला हसत होते. पोरगी हट्टाला यांच्यावर गेली आहे. बोलली म्हणजे करणार.

यांनी तिथूनच नानांना फोन लावला. नाना अगदी प्रेमाने बोलले, ते जास्त वाईट. "अरे अनंता, तू तिकडे आरामात फिर. इकडचं आम्ही बघतो. देवीचं काम आहे, देवी सांभाळेल." यांनी सांगितलं की नाना, देवीला कामाला लावू नका, थोडे दिवस थांबा. नाना म्हणाले, निमंत्रणं गेली आहेत. सेंटरिंगवाला जनू खाडीकडचा. त्याला फोन केला तर तो रडकुंडीला आला होता. "भाऊ, मी हात लावनार नाय. पन तेनी दुसरी मानसं आनली तर मी कोन अडवनार?"

त्या संध्याकाळी जेवणात भोपळ्याची फुलं तळून दिली होती. आपल्याकडे करतात तशीच, फक्त आत चीज. एरवी यांनी बशी पुसून खाल्ली असती. हे फूल काट्याने इकडून तिकडे सरकवत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू मला इतके दिवस हेच सांगत होतीस, नाही?"

मला बोलायला भरपूर होतं. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. मी यांच्या बशीतलं फूल उचललं आणि खाल्लं, आणि म्हटलं, "थंड होतंय. घ्या."

पुन्हा रोम

रविवारी आमची न्याहारी होईपर्यंत गावात दुपार झालेली. सेंटरिंग खोललं असेल तर आता खोलून झालं असणार. मृणालचा फोन बंद. नाना उचलत नव्हते. जनूचा फोन वाजवून वाजवून थकलो. हॉटेलात बसून वेड लागलं असतं, म्हणून सेसिलने आम्हाला दोघांना हाताला धरून पँथिऑनला नेलं. तिकीट आधीच काढलेलं होतं. नाहीतर मी म्हणाले असते, मला आज कुठलाही घुमट नको.

हा सगळ्यांत जुना. जवळजवळ दोन हजार वर्षांचा, काँक्रीटचा, आणि आत एक सळईसुद्धा नाही. खाली जाडजूड भिंत, वर जाल तसा थर पातळ आणि माल हलका, आणि अगदी माथ्यावर उघडं भोक. त्यातून ऊन आत येतं आणि भिंतीवरून हळूहळू सरकतं. कित्येक शतकं याच्याहून मोठा घुमट कोणाला जमला नव्हता. हे सगळं मला यांनीच आधी घरी सांगितलेलं. आज हे नुसते आत आले, मधोमध न जाता भिंतीला लागून उभे राहिले आणि फोनकडे बघत बसले.

माझ्या मनात भलतंच आलं. हा उघडल्यावर याच्याखाली पहिला कोण उभा राहिला असेल? त्याची बायको कुठे होती? त्या बाईचं काही कुठे लिहिलेलं असायची शक्यता नव्हतीच. पण मला त्या वेळी ती बाई त्या एवढ्या मोठ्या इमारतीपेक्षा जवळची वाटली.

तेवढ्यात सेसिलच्या फोनवर टिंग वाजलं. तिने चष्मा कपाळावरून खाली ओढला. "माझ्या जावेनं फोटो पाठवलाय," ती म्हणाली. "वैनी, ही तुमची मृणालच ना?"

फोन यांनी हिसकावला.

फोटोत आमच्या सभामंडपातलं टेकूंचं जंगल होतं. सगळे टेकू जागच्या जागी. त्यांच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची टाकून मृणाल बसली होती, मांडीवर लॅपटॉप, पायाशी पाण्याची बाटली. सेसिलच्या जावेने खाली लिहिलं होतं, ते सेसिलने मोठ्याने वाचून दाखवलं. पोरगी सकाळी माणसं यायच्या आधीच येऊन बसली होती. टेकू काढायचे तर माझ्यासकट काढा, म्हणाली. नाना आधी समजावून थकले, मग ओरडून थकले. तिने फोन बंद करून ऑफिसचं काम काढलं. जेवायच्या वेळेला नानांच्या बायकोनेच ताट वाढून तिला आत नेऊन दिलं. तेव्हा नानांनी आणलेली माणसं परत पाठवली. पंगत आता बाहेर, नानांच्या वाडीत.

हे खाली बसले. जमिनीवर, दोन हजार वर्षांच्या फरशीवर, मांडी घालून. एक रखवालदार ताबडतोब धावत आला आणि उठा म्हणून खुणा करू लागला. मग यांचा चेहरा बघून तो थांबला. यांच्या डोळ्यांत पाणी मी फार क्वचित पाहिलं आहे. सेसिलने रखवालदाराला कोकणी, मराठी आणि इंग्रजी मिसळून काहीतरी सांगितलं, आणि तो मान डोलावून निघून गेला. काय सांगितलंस, म्हणून विचारलं तर म्हणाली, "पोरगी वाचली म्हटलं. खोटं आहे का?"

भुईगाव

उत्सव नानांच्या वाडीत माडांखाली झाला आणि झकास झाला. नाना मृणालशी बोलत नव्हते, पण तिच्या पानात जिलबी आग्रहाने वाढत होते म्हणे. राग धरायची ही पद्धत आमच्याकडेच असेल.

दिवस भरले. यांनी आणखी काही जास्तीचे जाऊ दिले. मग एके दिवशी सकाळी मंडपाबाहेर गाव जमलं. सेसिल आली, नाना लांब माडाला टेकून उभे राहिले. मी नेहमीप्रमाणे चहा करून आणला होता. या वेळी थर्मास मोठा होता आणि बरोबर दोन कपही होते.

घुमटाचे टेकू माथ्याखालून सुरू करून कडेकडे काढत यायचे असतात. जनू आणि त्याची माणसं एकेक टेकू सैल करत, थांबत, वर बघत, पुढे सरकत होती. कडेजवळचा एक टेकू निघेना. जनूने हातोडीने हाणला, तरी हलेना. टेकू अडकतो म्हणजे वरचा भार त्याच्यावर आलेला असू शकतो, एवढं मलाही आता कळत होतं. यांचा चेहरा राखेसारखा झाला. मृणाल मनात काहीतरी आकडे पुटपुटत होती. जनू वाकला, बुडाशी हात घातला आणि ओरडला, "भाऊ, खाली पाचर फुगलीय! पानी मुरलंय लाकडात!" पाचर काढली आणि टेकू निघाला. वरून थोडी धूळ पडली. मग पडायची थांबली.

आत आता काहीच नव्हतं. एवढी मोकळी जागा मी गावात कधी पाहिली नव्हती.

मी थर्मासच्या झाकणात चहा ओतून यांच्या हातात दिला. हे पायरीपर्यंत गेले आणि थांबले, कारण मृणाल आपला कप घेऊन यांच्या शेजारी येऊन उभी होती.

"तू बाहेर थांब," हे म्हणाले.

"नाही."

"मृणाल."

"बाबा, रेषा माझ्या आहेत."

दोघंही तिथेच. हे तिला सोडून आत जाईनात आणि तिला घेऊनही जाईनात. जो माणूस सगळ्या स्लॅबांखाली डोळे मिटून चहा प्यायला, तो आता एका हातात झाकण आणि दुसरा हात तिच्यापुढे आडवा धरून उभा होता. नानाही आता माड सोडून पुढे आले होते.

मला भीती वाटत नव्हती असं मी म्हणणार नाही. फार वाटत होती. पण रोमहून आल्यापासून पँथिऑनखालची ती न पाहिलेली बाई माझ्या मनातून गेली नव्हती, आणि बाहेर उभं राहून निरोपाची वाट बघणं मी आयुष्यभर केलं होतं. मी थर्मास काखेत मारला, चपला काढल्या, आणि यांच्या अंगावरून पुढे होऊन आत गेले. पार मधोमध जाऊन उभी राहिले. वर बघितलं नाही.

उरलेला कप भरला आणि एक घोट घेतला. घाईत साखर घालायची राहून गेली होती.

"या आता," मी म्हटलं. मोठ्याने बोलले नव्हते, पण आवाज घुमटात फिरून सगळीकडून परत आला. "चहा निवतोय."